मुनीरचाचांच्या दोन काचा

शाहीनचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. थंडी चांगलीच पडली होती, ऊन नुकतं कुठं गल्लीत उतरत होतं. शाहीन म्हणजे आमच्या शेजारच्या मुनीरचाचांची एकुलती एक लेक, जालन्याला दिलेली. रोज सकाळी ती वडलांना फोन लावायची, 'अब्बा, चाय झाला का?' एवढंच विचारायची अन् ठेवून द्यायची. त्या दिवशी तिनं मला लावला. "ताई, अब्बा फोन उचलून नाही राह्यले. जरा पाहता का?" आवाज अगदी साधा ठेवला होता पोरीनं, अन् मला तो साधेपणाच खुपला. मी म्हटलं, "अगं, न्हाणीत असतील. पाहते मी, तू ठेव." उठले तर मांडीवरची सगळी भाजी खाली सांडली. आमच्या ओट्यावरून उतरलं की लागूनच त्यांचं दार, एवढंच काय ते अंतर. पण तेवढ्यात मी काय काय मनात आणलं म्हणून सांगू... दमा उसळला असेल, पाय घसरला असेल, फोन उशीखाली राहिला असेल. देवा, उशीखालीच राहिलेला असू दे, असं म्हणत म्हणत मी दार लोटलं. चाचा स्टुडिओतल्या खुर्चीवर बसलेले होते. निम्म्या देऊळगाव राजानं ज्या खुर्चीवर बसून फोटो काढून घेतला, तीच खुर्ची. गळ्यात मफलर, हातात चष्मा. मी हाक मारली. मग जवळ गेले, परत हाक मारली... अन् मग कितीतरी वेळ मला शाहीनला फोनच लावता येईना.

त्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं होतं, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कापडात गुंडाळलेला एक पिवळा पडलेला पुठ्ठ्याचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला. माझ्या हातात दिला खरा, पण स्वतःचे हात खालून काढेनात, पडेल म्हणून. म्हणाले, "इंदे, हे तुह्यापाशी ठेव. मले नाही जमलं. तू अन् शाहीन, तुम्ही दोघी ठरवा. पण भांडू नका, बेटा." डब्यात काय आहे हे मला विचारायची गरज नव्हती. त्यात फोटोच्या दोन काचा आहेत. आधी फिल्म नव्हती तेव्हा निगेटिव्ह काचेवर यायची, तसल्या. एका काचेवर माझी माय आहे, दुसरीवर शाहीनची माय, आमची जैतूनचाची. दोघींचा जन्मात काढलेला तो एकेकच फोटो. अन् त्या दोन्ही काचा तोंडाला तोंड लावून अशा चिकटल्या आहेत, की एक वाचवायची तर दुसरी जाणार. पन्नासावर वर्षं झाली त्याला. पन्नास वर्षं त्या माणसानं तो डबा सांभाळला अन् काचा काही सोडवल्या नाहीत. आता तो माझ्या मांडीवर होता.

आमच्या गावात पहिला फोटो स्टुडिओ टाकला तो मुनीरचाचांनी. त्यांचे वडील पिंजारी, गाद्या-रजया भरून द्यायचे. चाचा जवान असताना जालन्याला एका म्हाताऱ्या फोटोवाल्याकडं रजया भरायला गेले अन् तिथंच अडकले. त्या उस्तादाला मूलबाळ नव्हतं, डोळे अधू झालेले. त्यानं यांना सगळं शिकवलं अन् वर आपला लाकडी कॅमेराही देऊन टाकला. तीन पायांचा, भात्याचा, काळ्या कापडाचा. चाचा तो बैलगाडीत घालून घरी घेऊन आले तेव्हा वडील म्हणाले म्हणे, "कापूस सोडून हे काय पिंजून राह्यला बे?" पण कापूस सुटला नाहीच. त्यांच्या सगळ्या काचा पिंजलेल्या कापसात झोपलेल्या असायच्या, अशा मऊ, की आम्हा पोरींना त्यांचा हेवा वाटायचा. मागं लावायला पडदा रंगवून घेतला एका पाट्या रंगवणाऱ्याकडून. तळं काढ अन् त्यात हंस सोड, असं सांगितलं. त्यानं हंस कधी पाहिलेला नव्हता, त्याच्या हातून निघाल्या कोंबड्या. तळ्यात पोहणाऱ्या कोंबड्यांपुढं आमच्या भागातली सगळी नवरा-नवरीची जोडपी बसलेली आहेत, जुने अल्बम काढून बघा.

अन् गिऱ्हाइकं तरी कशी... फोटोत पाय आलेच पाहिजेत. नुसता छातीपर्यंतचा फोटो काढला की भांडण. एका म्हातारबुवानं तर फोटो परत आणून टाकला, "माहे पाय कुठं गेले बे? मी काय भूत हाव?" चाचांनी बिचाऱ्यानं त्याला परत उभा केला, पायासकट. दुसऱ्या कुणी वाद घातला असता. चाचांना वादाचीच भीती.

हो, घाबरट होते आमचे चाचा. हे मी प्रेमानं म्हणते, अन् ते असते तर त्यांनीही मान हलवली असती. सगळं जग कॅमेऱ्यापुढं घाबरायचं, आमच्याकडं कॅमेऱ्याच्या मागचा माणूस घाबरायचा. काच धुवायच्या अंधाऱ्या खोलीत शिरले की दाराच्या फटीत चिंध्या कोंबायचे, वर गोधडी लावायचे, अन् तरी आतून ओरडायचे, "जैतून, उजेड येऊन राह्यला का पाह्य!" चाची बाहेरून म्हणायची, "उजेड बाहेर आहे, अंधार आत आहे, तुम्ही काम करा." काच धुऊन पक्की होईपर्यंत चहा प्यायचे नाहीत. लोणारला, मेहकरला, अन् एकदा तर पार मोताळ्याकडच्या धामणगाव बढ्यापर्यंत लग्नाचे फोटो काढायला गेले, तर एस.टी.त काचांचा डबा वर ठेवायचे नाहीत, मांडीवर घेऊन बसायचे. कंडक्टर चिडवायचा, "चाचा, पोरगं आहे काय डब्यात?" चाचा म्हणायचे, "हाव, पोरगंच आहे. अन् माह्यं नाही, दुसऱ्याचं आहे." लोणारला एका वरातीचा फोटो तळ्याच्या काठावर उभं राहून काढायचा होता. वारा सुटलेला. कॅमेरा तळ्यात जाईल या धास्तीनं त्यांनी नवरदेवाच्या मामाला कॅमेऱ्याचा एक पाय धरून बसवलं. त्या फोटोत सगळा गोतावळा आहे, मामा नाही. मामाची बायको नंतर माझ्या ओळखीची झाली, ती अजून त्यावरून बोलते.

त्यांचा एक शब्द होता, अमानत. कुणी माणूस आपलं तोंड आपल्यापाशी ठेवून गेला, ते आपलं नाही, मागायला येईल तेव्हा जसंच्या तसं द्यायचं. आपलं मागून, दुसऱ्याचं आधी. हा त्यांचा धर्म म्हणा की धंदा म्हणा. तो शब्दच पुढं त्यांच्या गळ्यात अडकून बसला.

आमचं अन् त्यांचं घर जोडलं गेलं ते पाण्यावरून. त्यांच्या विहिरीचं पाणी खारं. त्यात काच धुतली की वाळल्यावर डाग पडायचे, लग्नातल्या नवरीला देवी आल्यासारखे. आमच्या परसातल्या विहिरीला गोड पाणी. माझी माय रोज त्यांच्यासाठी शेंदून ठेवायची अन् जैतूनचाची भिंतीच्या खिंडीतून न्यायला यायची. चाची गोषातली, गल्लीत कधी दिसायची नाही, पण आमच्या परसात तिची जी जीभ सुटायची! दोघी हांड्यांवर बसून हसायच्या. माय तिला जैतून म्हणायची, ती मायला अक्का. पाणी भरायला एवढा वेळ काऊन लागतो, असं आजी घरातून ओरडायची. आजी, म्हणजे माझ्या वडलांची आई, कडक होती. तिचं म्हणणं, फोटो काढला की आयुष्य कमी होतं. चाचीचे मोठे भाऊही तसेच कडक, वाईट नव्हते पण बाईमाणसाचा फोटो त्यांना चालायचा नाही. त्यामुळं ज्यांच्या पाण्यावर सगळ्या गावाचे फोटो स्वच्छ निघायचे, त्या दोन बायकांचा फोटो मात्र नव्हता.

माझं लग्न ठरलं लोणारला. मी सतरा वर्षांची. लग्नाच्या आधी एका दुपारी आजी शेजारच्या गावी गेलेली अन् माय सरळ भिंतीच्या खिंडीतून चाचांकडं, मी तिच्या मागं. माय म्हणाली, "मुनीरभाऊ, साऱ्या मुलखाचे फोटो काढले तुम्ही. पोरगी चालली लोणारले. तिच्या पेटीत माहा फोटो घालून द्या ना." चाचा म्हणाले, "अन् आजी?" "सासूबाई येऊस्तोर होते का नाही, तेवढं सांगा." मग चाचीला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "अक्काचा काढता तर माझाही काढा. कुणाला दाखवू नका. तुमच्यापाशी ठेवा." चाचांनी तिच्याकडं असं पाहिलं... लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तसं पाहताना मी त्यांना परत कधी पाहिलं नाही. माय ताठ बसली, नथ घालून, जशी भांडायला निघाली. चाची तर मान वरच करेना. त्या कोंबड्यांच्या पडद्यापुढं एकेक काच झाली, दोघींची. मायनं स्वतः शेंदलेल्या पाण्यात चाचांनी त्या धुतल्या अन् वाळत ठेवल्या.

त्या वाळल्या असत्या तर हा लेखच लिहायची वेळ आली नसती. पण काचा ओलसर असतानाच दारात आवाज आला चाचीच्या भावाचा. न सांगता आलेले, माझ्या लग्नाला म्हणून. चाची म्हणाली, "अजी, लपवा!" चाचांनी घाईनं काचा उचलल्या. कोऱ्या काचा कंपनीतून यायच्या त्या डब्यात तोंडाला तोंड लावून यायच्या, कोरड्या असतात म्हणून चालतं. हाताला तीच सवय. त्यांनी दोन्ही काचा तशाच तोंडाला तोंड लावून रिकाम्या डब्यात घातल्या, मध्ये कागद घालायचंही सुचलं नाही, अन् डबा पेटीत कापसाखाली दडपला. एक काच वाळेपर्यंत जो माणूस चहा पीत नव्हता, त्यानं. पाहुणे राहिले, मग लग्नाची धांदल, मग मी सासरी, मग पावसाळा. पेटी ओलीनं फुगली. श्रावणात माझी माय तापानं गेली.

मी लोणारहून आले तोवर सगळं आटोपलेलं होतं. घरात बघायला मायचं तोंड कुठंच नव्हतं. मायचे दिवस घातले त्या दिवशी चाचा मागच्या भिंतीपाशी उभे राहिले, मला हाक मारली अन् खाली बघत म्हणाले, "इंदे, तुही माय माह्यापाशी आहे. पण निघून नाही राह्यली." मला आधी कळेचना. मग त्यांनी काचा दाखवल्या. मध्ये केसभरही सांद नव्हती, जशी एकच जाड काच. उजेडासमोर धरली तर चाचीच्या गालावर मायची नथ, मायच्या कपाळात चाचीचा डोळा... मी म्हटलं, "चाचा, ठेवा. मला नाही पाहवत."

जालन्याच्या उस्तादाला त्यांनी विचारलं. त्यानं सांगितलं, थंड पाण्यात ठेवायच्या, आडव्या. पाणी मुरलं की सुटतात. बहुतेक वरची वाचते, खालचीचा थर निघून येतो. बहुतेक. म्हणजे सवाल एवढाच उरला, वर कोणाला ठेवायचं? चाची होती तेव्हा ती म्हणायची, "अक्काला वर ठेवा, मी तर समोर आहे ना तुमच्या." पण त्या 'बहुतेक'ला चाचा घाबरले. उलटंच झालं तर? अक्काच गेली तर? या थंडीला नको, पुढच्या थंडीला करू. तेवढ्यात शाहीन झाली, अन् शाहीन पावलं टाकायला लागली नाही तोच चाची गेली. कावीळ झाली होती. आता दोन्ही काचांत दोन गेलेल्या बायका, अन् मध्ये हा एकटा घाबरलेला माणूस. एकीकडं दुसऱ्याची अमानत, एकीकडं स्वतःची बायको, जिचं तोंड त्याच्या लेकीनं ओळखायच्या आत गेलं. अमानत आधी म्हणावं तर लेकीला काय दाखवायचं? बायको आधी म्हणावी तर मला काय तोंड दाखवायचं?

मधल्या काळात माझे मालक बदली होऊन इथंच आले अन् मी माहेरच्याच घरात राहायला लागले, चाचांच्या शेजारी. शाहीनच्या वेण्या मी घातल्या. काचा गेल्या, फिल्म आली, रंगीत आलं, मग मोबाइल आला अन् स्टुडिओत कोणी येईनासं झालं. डबा तिथंच. उन्हाळ्यात म्हणायचे, आता नको, थर वितळेल. पावसाळ्यात ओल. थंडीत म्हणायचे, हवा फार कोरडी आहे, तडकेल. शाहीनच्या पोरानं पुण्यात कोणा जाणत्याला विचारून पाहिलं, तो म्हणाला पाठवा, पण दोन्हींची खात्री देत नाही. चाचांनी डबा उराशी धरला, "बसमध्ये हादरेल." एकदा मात्र म्हातारपणी मला हळूच म्हणाले, "इंदे, त्या दुपारी मी दोघींचे फोटो काढले. अन् दोघीही... आजी म्हणत होती ना..." मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "चाचा, तुम्ही साऱ्या तालुक्याचे फोटो काढले. तसं असतं तर तालुका रिकामा झाला असता!" हसले. पण त्यांच्या डोळ्यांत ते होतं, अन् ते किती वर्षांपासून होतं कोणास ठाऊक.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही का नाही सांगितलं त्यांना, की माझ्या मायचं सोडा? खरं सांगू? मलाही माय पाहिजे होती.

चाळिसाव्याला शाहीन परत आली. लोक गेले, दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी डबा उघडला. एका कोपऱ्यात बुरशी. पांढरी, कापसासारखी, काचांच्या मधून आत सरकत चाललेली. चाचांना दिसत होतं तोवर ती नसावी, किंवा दिसली असेल म्हणूनच डबा माझ्याकडं दिला असेल. आता आणखी थांबणं म्हणजे दोघीही जाणार, हे आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती. अन् मग आम्ही भांडलो. चाचांना जी भीती होती तेच, पण उलटं. शाहीन म्हणाली, "ताई, अब्बा म्हणायचे अमानत आधी. तुमची माय वर."

"मी माह्या मायले सतरा वर्षं पाह्यलं. तू तुह्या मायले पाह्यलं?"

"मला आठवतच नाही, तर मला फरक काय पडतो?"

"वा! मोठी आली शहाणी. हे बोलताना ओठ काऊन थरथरून राह्यले मग?"

"थंडी आहे."

"हाव, थंडी आहे."

शेवटी तिनं माझं ऐकलंच नाही. मायच्या काचेच्या पाठीवर चाचांनी खिळ्यानं एक रेघ ओढून ठेवली होती, ओळखू यावी म्हणून. परातीत आमच्या विहिरीचं पाणी ओतलं, शाहीननं ती रेघ वर ठेवून काचा पाण्यात सोडल्या अन् आणखी पाणी आणायला परसात गेली. रहाटाचा आवाज येत होता. मी परातीपुढं बसलेली. अन् बसल्या बसल्या मला इतक्या वर्षांनी एक गोष्ट समजली. चाचांना ठरवता येत नव्हतं ते घाबरट होते म्हणून नाही... अमानत त्यांची नव्हतीच, ते सोडणार कशी? ती सोडायची तर जिची आहे तिनंच सोडायला पाहिजे होती. मी हात पाण्यात घातले. काच निसटेल म्हणून जीव जात होता. हळूच काचा उलट्या केल्या. रेघ खाली गेली. शाहीन, हे मी तुला तोंडानं सांगितलं नाही, इथं लिहून टाकते. रागावायचं असेल तर ये अन् रागाव, पण जेवायलाच ये.

दिवसभर आम्ही त्या परातीपाशी होतो. झाकण ठेवावं तर दम कोंडेल असं वाटायचं, उघडी ठेवावी तर मांजराची भीती. पाणी गरम तर झालं नाही ना, म्हणून मी सारखी बोट बुडवून पाहात होते. शाहीन म्हणाली, "ताई, तुम्ही अब्बांसारख्या करून राह्यल्या." ऊन कलायला लागलं तेव्हा वरची काच आपली आपण हलली. शाहीननं ती दोन बोटांत धरून, श्वास रोखून, सरकवली... अन् ती आली. खालची काच कोरी होती, खिडकीच्या काचेसारखी. तिच्यावरचा थर दुधावरच्या सायीसारखा पाण्यात तरंगत होता, फाटलेला.

शाहीननं हातातली काच उजेडासमोर धरली. निगेटिव्ह कशी असते तुम्हाला माहीत आहे, सगळं उलटं. चेहरा काळा अन् केस पांढरेशुभ्र. मला वाटलं, पोरीला काही समजणार नाही, मी सांगायला तोंड उघडलं. पण मी बोलायच्या आधीच ती रडत होती. चाची गेली तेव्हा पंचविशीची असेल. तिचा एक केस पिकलेला मी पाहिला नव्हता. अन् काचेत होती एक पांढऱ्या केसांची बाई, मान खाली घातलेली, जशी लेकीच्या घरी पाहुणी आली अन् कुठं बसू विचारते आहे. शाहीन म्हणाली, "ताई, अम्मी म्हातारी झाली..." मी म्हटलं, "झाली गं. तुह्यासंगंच झाली." फोटो छापायचा विचार तिनं अजून केलेला नाही. कुणाला दाखवू नका असं चाची म्हणाली होती ना. काच तिच्यापाशी आहे, जालन्याला.

अन् माझी माय... पाण्यातली ती साय मी तळहातावर घ्यायला गेले तर विरघळल्यासारखी सुटायची. मी अन् शाहीननं मिळून त्यातला एकच तुकडा कसाबसा कोऱ्या काचेवर पसरवला. बाकी सगळं गेलं. वाळल्यावर पाहिलं, तर पदराची थोडी किनार आहे, अन् एक कान. मायचा डावा कान, त्यात ती बुगडी, जी माझ्या धाकट्या भावाच्या बायकोकडं आहे. चेहरा नाही, नथ नाही. नुसता कान.

ती काच मी चाचांच्या स्टुडिओतच ठेवली आहे, खिडकीत. किल्ली शाहीननं माझ्याकडंच दिलीय. दुपारी घरातलं आवरलं की मी तिकडं जाते. कोंबड्यांचा पडदा अजून तसाच टांगलेला आहे, खोलीला कापसाचा अन् औषधांचा वास येतो. खुर्चीत मी बसत नाही, खाली बसते, खिडकीपाशी. माझ्या पोरांना काळजी वाटते, आई तिथं एकटीच काय बोलत बसते म्हणून. मी आहेच बोलकी, अन् सतरा वर्षांची असताना सुटलेलं बोलणं फार साचलंय. लग्नाचं, सासरचं, पोरांचं, तिच्या जावयाचं, सगळं सांगायचं आहे, होईल हळूहळू. पण पहिल्या दिवशी तिथं गेले, दार लावलं अन् काचेच्या अगदी जवळ तोंड नेलं, तेव्हा आधी वेगळंच निघालं तोंडातून.

"माय," मी म्हटलं, "मुनीरभाऊ गेले व. त्यांच्यावर राग धरू नको. तुले सोडायचं मीच म्हटलं."